विषय: रविवारची मराठी शाळा – लर्निंग स्टाईलचा फॉर्म

प्रेषक: शाळा समन्वयक

नमस्कार मंडळी,

टर्म ३ सुरू होतेय आणि गणपतीच्या कार्यक्रमाची प्रॅक्टिसपण त्यातच घुसणार, म्हणून हा विषय आत्ताच मार्गी लावूया. गेल्या टर्मला मधल्या गटात फार ओढाताण झाली, काही मुलं वर्कशीट चटकन संपवून टेबलाखाली, काहींचं अजून स्वतःचं नावच लिहून होत नाहीये आणि ताई बिचारी एकटी. तर समितीत असं चाललंय की प्रत्येक मुलाकडून सोबतचा व्हार्कचा फॉर्म भरून घ्यायचा. कोण बघून शिकतं, कोण ऐकून, कोण वाचून-लिहून, कोण हातांनी करून, ते त्यातून कळतं. मग गट तसेच पाडायचे: एक फ्लॅशकार्डवाला, एक गाणी-गोष्टीवाला, एक वाळूत अक्षरं गिरवणारा. वाचून-लिहून शिकणारे पहिल्या गटात बसतील. आणि हे कुठलं लांबचं खूळ नाहीये हां, हा फॉर्म बनवणारे नील फ्लेमिंग आपल्या न्यूझीलंडमधल्याच, क्राइस्टचर्चजवळच्या लिंकन युनिव्हर्सिटीतले, आधी शाळा तपासनीस होते, १९९२ मध्ये त्यांनी हे मांडलं.

कुणाचा आक्षेप असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: चिनूचा बाबा

+१. आमचे चिरंजीव पक्के काइनेस्थेटिक, म्हणजे हातांनी करून शिकणारे, फॉर्मची पण गरज नाही, जेवताना खुर्चीत टिकत नाहीत. वाळूच्या गटात टाका, वाळूची पिशवी मी आणतो.

---

प्रेषक: मोठ्या गटाचा दादा

ताई, माझा आक्षेप आहे आणि तो जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी इथे हायस्कूलला सायन्स शिकवतो, आमच्याही ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं आणि ऐकायला इतकं पटतं की कुणी प्रश्नच विचारत नाही. २०१२ मध्ये एक पाहणी झाली होती, ब्रिटनमधल्या ९३ टक्के शिक्षकांना वाटत होतं की मुलाच्या आवडत्या पद्धतीने शिकवलं की ते जास्त शिकतं. पण हे खरं आहे का ते तपासायचं कसं बघा. बघून शिकणारी म्हणवणारी मुलं घ्यायची, त्यातल्या अर्ध्यांना चित्रांनी शिकवायचं, अर्ध्यांना ऐकवून, ऐकून शिकणाऱ्यांचंही तसंच, आणि शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा. पहिल्यांना चित्रांनी आणि दुसऱ्यांना ऐकून जास्त आलं तरच गट पाडण्यात अर्थ. पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे प्रयोग शोधले तर मुळात सापडले अगदी थोडे आणि जे नीट केलेले होते त्यातले कित्येक उलटंच सांगत होते. त्याआधी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कॉफील्ड वगैरेंनी मोजदाद केली तेव्हा लर्निंग स्टाईलची ७१ मॉडेल्स निघाली. एकाहत्तर! म्हणजे आपण मुलाला नक्की कुठल्या खणात घालायचं?

खास व्हार्कबद्दलही आहे. अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीत अ‍ॅनाटॉमीच्या मुलांना हाच फॉर्म भरायला लावला, मग त्यांनी अभ्यास कसा केला ते विचारलं. बहुतेकांनी स्वतःच्या स्टाईलप्रमाणे अभ्यास केलाच नव्हता आणि ज्यांनी केला त्यांचे मार्क काही जास्त नव्हते. आवड असते, ती कुणी नाकारत नाहीये. फॉर्म आवड सांगतो. चिनूला बसायला आवडत नाही हे खरंच आहे, पण त्यावरून त्याला ‘ण’ कसा शिकवायचा ते कळत नाही.

आणि आपला विषय बघा ना. ल आणि ळ, त आणि ट, ब आणि भ, हे फरक इथे वाढलेल्या मुलांना पटकन ऐकूच येत नाहीत, ते फ्लॅशकार्ड दाखवून कसे येणार? तिथे सगळ्यांनाच कान लागतात. अक्षराचं वळण सगळ्यांनाच बघावं लागतं, गिरवावं लागतं. कर्म, चक्र, राष्ट्र, तिन्हीत र आहे आणि तिन्हीकडे वेगळा दिसतो, हे गाण्यातून शिकवणार कसं? कशाने शिकवायचं ते त्या त्या धड्यावरून ठरतं. गाण्याच्या गटातल्या पोराला लिहिणं कमी मिळणार आणि चित्रांच्या गटातल्याला ऐकणं कमी, म्हणजे ज्याचं जे कच्चं तेच आपण काढून घेणार.

---

प्रेषक: शाळा समन्वयक

दादा, अभ्यास तुमचा दांडगा आहे पण मुलं वेगवेगळी असतात हे तर डोळ्यांना दिसतंय ना. एकाच गटात एक मुलगा आजीशी दिवसभर मराठीत भांडतो आणि दुसरीच्या घरी आई मराठी, बाबा किवी, कानावर मराठी पडते ती आईच्या फोनवरची. स्टाईल म्हणा नाहीतर आणखी काही, पण गट तर पाडायलाच हवेत, सगळ्यांना एकाच बाराखडीला जुंपून परत तेच होणार. आणि मागच्या वेळी वाळूचा ट्रे आणला तेव्हा सगळी पोरं खूश होती हो.

---

प्रेषक: मोठ्या गटाचा दादा

वाळू ठेवाच, सगळ्यांना द्या. आणि तुम्ही आत्ता जो फरक सांगितलात ना, कुणाला घरी किती मराठी मिळते, तोच खरा फरक. तो फॉर्ममध्ये कुठेच विचारलेला नाही.

---

प्रेषक: एक आई

मी सहसा लिहीत नाही इथे. माझ्या मुलीला डिस्लेक्सिया आहे, तपासणी होऊन निदान झालंय. ते व्हायच्या आधी एका ठिकाणी आम्हाला सांगितलं होतं की ती व्हिज्युअल लर्नर आहे, तिला चित्रं द्या, वाचनाचा आग्रह धरू नका. त्यात बराच वेळ गेला. तिला चित्रं नको होती, आवाज आणि अक्षर एकेक करून, सावकाश, पुन्हा पुन्हा जोडून शिकवायला हवं होतं. आता २०२५ पासून इथल्या सरकारी शाळांत सुरुवातीच्या वर्षांना स्ट्रक्चर्ड लिटरसी सक्तीची झालीये, त्यात तेच करतात आणि तिला फरक पडतोय. खरं सांगू का, मराठीत ती जास्त खुलते कारण क ला काना का, तो कायम काच राहतो, इंग्लिशसारखा शब्द बदलला की उच्चार फिरत नाही. तर प्लीज फॉर्मवरून तिला वाळूत पाठवू नका. कुणाचं मूल फार अडकत असेल तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या, इथे लहान मुलांना कानात पाणी साचायचा त्रास बराच असतो आणि तसं मूल भ आणि ब मध्ये गोंधळणारच.

---

प्रेषक: चिनूचा बाबा

ताई, नीट सांगितलंत. चिनूचे कान तपासलेत, ऐकू सगळं येतं, ऐकत काहीच नाही.

सासूबाई सध्या साताऱ्याहून आल्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं त्यांचं. हे सगळे मेल त्यांना वाचून दाखवले, आता त्या सांगतायत आणि मी टाइप करतोय:

“बाळांनो, एवढं कशाला डोकं लढवताय. आमच्याकडे असर वाले यायचे, प्रथम संस्थेचे, २००५ पासून. त्यांच्याकडे एक कागद असायचा, त्यावर अक्षरं, शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि एक गोष्ट. पोराला जवळ घ्यायचं, आधी परिच्छेद वाचायला द्यायचा, जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. पोरगं कुठं थांबतंय ते थोड्या वेळात कळतं. आणि मग गट पाडायचे ते इयत्तेवर नाही, वयावर नाही, जिथं थांबलं तिथून. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे. पाचवीतलं पोर दुसरीतल्या पोराशेजारी बसायचं, सुरुवातीला लाजायचं, मग विसरायचं. महिन्या-दोन महिन्यांनी परत बघायचं आणि जो पुढे गेला त्याला उचलून पुढच्या गटात. मुंबईत त्यांचं बालसखी म्हणून काम होतं, मागे पडलेल्या पोरांना वेगळं बसवून शिकवायचं, त्याचा अभ्यास करणाऱ्यांना पुढं नोबेल मिळालं म्हणे. तुमच्या पोरांचं मात्र आणखी एक बघा. आमची पोरं बोलायला पक्की, वाचायला कच्ची. तुमच्यातली काही अक्षरं घडाघडा वाचतात पण वाचलं काय ते विचारलं की माझ्या तोंडाकडं बघतात. म्हणून वाचून झालं की कागद पालथा घालायचा आणि म्हणायचं, सांग बघू काय झालं गोष्टीत.”

(एवढं सांगून त्या चिनूला पकडायला गेल्यात.)

जावई म्हणून सांगतो, नोबेलचं खरं आहे, २०१९, बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर. त्यातल्या पहिल्या दोघांनी मुंबई आणि बडोद्यात तो बालसखीचा अभ्यास केला होता.

---

प्रेषक: मोठ्या गटाचा दादा

आजींना नमस्कार सांगा, माझ्या लांबलचक मेलपेक्षा हे कामाचं आहे. कागद पालथा घालून सांगायला लावणं यावर मात्र प्रयोग भरपूर झालेत, नुसतं परत परत वाचण्यापेक्षा आठवून सांगितलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं, रोडिगर आणि कार्पिके, २००६. आपली शाळा आठवड्यातून एकदाच, म्हणजे आपल्याला तर हे फारच लागू. दर रविवारी पहिली दहा मिनिटं वही न उघडता मागच्या रविवारचं विचारायचं, नवीन काही नाही.

---

प्रेषक: शाळा समन्वयक

बरं, मग असं करूया. फॉर्म सध्या बाजूला. आजी, येत्या रविवारी तुम्ही आणि दादा अर्धा तास आधी या, एकेका मुलाला कोपऱ्यातल्या टेबलावर घ्यायचं. परिच्छेद आणि गोष्ट मी टाइप करून आणते, इथल्या मुलांना कळेल अशी, समुद्रावर गेलो, पावसात रग्बीची मॅच, असलं काहीतरी. बोलण्याची वेगळी नोंद ठेवू: कळतं पण इंग्लिशमध्ये उत्तर, मोडकं मराठी उत्तर, सरळ मराठी उत्तर. त्यामुळे वाचनाला एक गट आणि बोलायला दुसरा असं होईल, मधे पोरांची अदलाबदल करताना गोंधळ होणार हे मला आत्ताच दिसतंय, दोन आया मदतीला हव्यात. गाणी आणि वाळू सगळ्यांना.

पालकांनी मागे उभं राहून उत्तरं पुरवायची नाहीत, बाहेर थांबा. आणि हॉलची किल्ली कुणाकडे आहे? मागच्या वेळी हीटर सुरू व्हायला वेळ लागला आणि पोरांनी जॅकेट काढलीच नाहीत, अर्धा तास आधी यायचं तर हीटर त्याच्याही आधी लावायला हवा.

---

प्रेषक: चिनूचा बाबा

किल्ली माझ्याकडे. वाळूची पिशवी कालच घेतली, मोठी घेतली गेलीये, ट्रे कुणाकडे असतील तर आणा.