सार्जंट: श्रीमंतांचा चित्रकार, एवढंच?

चित्रवेडी: जॉन सिंगर सार्जंटची (१८५६–१९२५) व्यक्तिचित्रं पुन्हा सलग पाहिली. 'लेडी अ‍ॅग्न्यू'चा पांढरा रेशमी झगा काय रंगवलाय! पण माझं मत तेच आहे. पैसेवाल्यांना देखणं करून देण्यात त्याने एवढा हुकमी हात खर्च केला. त्याच काळात फ्रेंच चित्रकार सेझान चित्रकलेचा पायाच हलवत होता.

जलरंग: अजिबात पटलं नाही. खुशामतच करायची असती तर 'मादाम एक्स' झालंच नसतं. ते चित्र कुणी सांगून काढलेलं नव्हतं, पॅरिसमधली नामांकित सुंदरी व्हर्जिनी गोत्रो हिच्या मागे लागून त्यानेच तिला बसायला तयार केलं. झग्याचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला दाखवला आणि १८८४च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, गहजब झाला. तिच्या आईने चित्र काढून घ्या म्हणून विनवलं, तो बधला नाही. पट्टा नंतर वर सरकवला हे खरं. पण चित्र तीसेक वर्षं स्वतःजवळ ठेवलं आणि १९१६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला विकलं. त्या गहजबानंतर पॅरिसमध्ये कामं मिळेनात, म्हणून तो लंडनला गेला.

चित्रवेडी: मान्य, ते धाडस होतं. पण लंडनला जाऊन पुढची वीस वर्षं काय केलं? पुन्हा उमराव आणि त्यांच्या बायका!

कोळसा: सांगून काढलेल्या चित्रातही तो काय करतो, ते 'बॉइटच्या मुली'मध्ये (१८८२) पाहा. चार बहिणी, पण एकत्र बसलेल्या नाहीत. धाकटी गालिच्यावर बाहुली घेऊन, एक डावीकडे एकटीच उभी. थोरल्या दोघी मागच्या अंधारात, त्यातली एक तर उंच फुलदाणीला टेकून तोंड फिरवून उभी आहे. पोरींपेक्षा फुलदाण्याच मोठ्या वाटतात! पैसे देणाऱ्या आईबापांना कोण असं चित्र देतं? मला ते बघताना दरवेळी गलबलून येतं.

चित्रवेडी: त्या चित्रापुढे मी गप्प. तरी १९०७च्या सुमाराला त्याने व्यक्तिचित्रांची कामं घेणं जवळजवळ बंद केलं, ते का? त्याला स्वतःलाच वीट आला होता. 'गॅस्ड' (१९१९) बघा, सहा मीटर लांब. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने दिसेनासं झालेले, डोळ्यांना पट्ट्या बांधलेले सैनिक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चाललेले. एकालाही नाव नाही. माझ्या लेखी खरा सार्जंट तिथे आहे.

जलरंग: वीट गिऱ्हाइकांचा आला होता, चेहऱ्यांचा नाही. तैलरंगातली कामं नाकारल्यावरही कोळशाने त्याने शेकडो चेहरे काढले. आणि 'गॅस्ड'मधल्या त्या माना, ते चाचपडत उचललेले पाय? आयुष्यभर समोर बसलेल्या माणसाकडे बघितल्याशिवाय ते हाताला येत नाही.