लेझर कटिंगच्या डीएक्सएफमधील फटी कशा बुजवाव्यात?

शिरोलीकर (प्रश्न):
नमस्कार. आमच्याकडे फायबर लेझरवर ३ मिमी माइल्ड स्टीलच्या पत्र्यातून ब्रॅकेट कापतात. ग्राहकाकडून आलेली डीएक्सएफ (रेखाचित्राची) फाइल ऑटोकॅड या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये उघडली की बाह्यरेषा सलग दिसते, पण नेस्टिंग सॉफ्टवेअर (पत्र्यावर भाग मांडून कापण्याचा मार्ग ठरवणारे) तीच बाह्यरेषा उघडी असल्याचे सांगते आणि लीड-इन (काप सुरू करून रेषेपर्यंत नेणारा छोटा मार्ग) लावू देत नाही. भरपूर झूम केल्यावर एका कोपऱ्यात ०.०२ मिमीची फट आढळली. लेझरचा कर्फच (कापाची रुंदी) ०.२ मिमीच्या आसपास असताना एवढ्याशा फटीने काय बिघडते, आणि अशा फटी एकेक न शोधता कशा जोडाव्यात?

नेस्टिंगवाला:
पत्र्यावर ती फट दिसणारही नाही, हे खरे आहे. मात्र सॉफ्टवेअर रेषांची टोके पाहते, आणि आकार बंद नसेल तर त्याची आतली बाजू कोणती व बाहेरची कोणती हे त्याला ठरवता येत नाही. मग कर्फची भरपाई कोणत्या बाजूला द्यायची हेही ठरत नाही. तसेच दामटून रेषेवरूनच कापले, तर ०.२ मिमी कर्फला १० मिमीचे भोक १०.२ होईल आणि बाहेरचे माप तेवढेच कमी भरेल.

जोडण्याआधी ऑटोकॅडची ओव्हरकिल ही आज्ञा चालवून एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाका, कारण दुहेरी रेषा जोडणीत गोंधळ घालतात आणि राहिल्या तर लेझर त्याच जागेवरून दोनदा फिरतो. नंतर पीएडिट या आज्ञेत मल्टिपल निवडून जॉइन द्या व फझ डिस्टन्स (किती अंतरापर्यंतची टोके जोडायची ते) ०.०५ ठेवा. तरीही एखादा आकार उघडा राहिला, तर त्यात हॅच (रेघांची भरणी) भरून पाहा. जुळत नसलेल्या टोकांभोवती ऑटोकॅड लाल वर्तुळे दाखवतो.

पत्रेकाम:
वरील पद्धत योग्य आहे, पण काम लवकर उरकावे म्हणून फझ डिस्टन्स वाढवत नेण्याचा मोह टाळावा. बेंडिंगच्या रिलीफसाठी (वाकवताना पत्रा फाटू नये म्हणून) ठेवलेली खाच ०.८ मिमी रुंद असेल आणि अंतर १ दिले, तर खाचेची समोरासमोरची टोके एकमेकांना चिकटू शकतात, आणि अशा वेळी आकार बंद होत असल्यामुळे सॉफ्टवेअर काहीच तक्रार करत नाही. मोठी फट असलेल्या कोपऱ्यात मी फिलेट (कोपरा गोल करणाऱ्या) आज्ञेची त्रिज्या शून्य ठेवून दोन्ही रेषा त्यांच्याच दिशेने छेदनबिंदूपर्यंत नेतो. फट काही मिलिमीटरची असेल, तर तिथे एखादी रेषाच गाळली गेली असण्याची शक्यता असते. ती अंदाजाने न जोडता ग्राहकाला विचारलेले बरे.

शिरोलीकर:
दोघांचेही आभार. बाकी सर्व आकार बंद झाले, पण एका कोपऱ्यातील कंस ०.०५ देऊनही जोडला जात नाही. वरून पाहता त्याची टोके शेजारच्या रेषांशी तंतोतंत जुळलेली आहेत.

नेस्टिंगवाला:
तो कंस निवडून प्रॉपर्टीजमध्ये सेंटर झेडचा (केंद्राच्या उंचीचा) आकडा पाहा.

शिरोलीकर:
तिथे ३ आहे. शेजारच्या रेषांना मात्र ० आहे.

नेस्टिंगवाला:
म्हणजे पत्र्याची जाडी. त्रिमितीय मॉडेलमधून रेषा उचलताना हा कंस वरच्या कडेवरून आला असावा. पीएडिट एकाच पातळीतील रेषा जोडते, त्यामुळे तो वेगळा राहिला. आकडा ० करा आणि पुन्हा जोडा. इतर कडांचे झेडही तपासा. अशा आणखी रेषा असतील तर त्यांनाही शून्यावर आणून ओव्हरकिल पुन्हा चालवा, कारण वरची व खालची कड दोन्ही आलेल्या असतील तर त्या आता एकावर एक पडतील.