दुकानांच्या दर्शनी भिंतींवर गल्लीचा वारसा रंगवावा का?

प्रश्न : गिरगावची रहिवासी
माझी बहीण अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. तिने शुगरक्रीक या लहान गावातील दुकानांची छायाचित्रे पाठवली. त्या भागात स्थायिक झालेल्या स्विस कुटुंबांनी चीजचा व्यवसाय रुजवला. आज तिथल्या दुकानांवर आल्प्सची शिखरे आणि कुरणे रंगवलेली दिसतात, आणि १९५३ पासून गावात स्विस महोत्सवही भरतो. आमच्या गल्लीत मामांच्या मसाल्याच्या दुकानासह सहा जुनी दुकाने एका ओळीत आहेत. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव किंवा १९१३ मध्ये गिरगावातच प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा मूकपट अशी दृश्ये या दुकानांवर रंगवावीत, यावर सर्व दुकानदार राजी आहेत. मात्र दोन पावसाळ्यांत रंग उडेल का, आणि हे सारे पर्यटकांसाठी उभारलेल्या देखाव्यासारखे दिसेल का, अशी मला काळजी वाटते.

उत्तर : भिंतींचे काम करणारा
रंग टिकणे हे बव्हंशी भिंतीवर अवलंबून असते. जुन्या चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट हवी; तिच्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक रंगाचा थर बसला की ती आतच अडकते आणि पोपडे सुटतात. स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यातील घरांवर गडद गिलाव्यावर चुन्याचा पांढरा थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडून नक्षी काढतात. तिथे चित्र गिलाव्याचाच भाग असल्यामुळे त्याला सुटून येण्यासारखा वेगळा पापुद्राच नसतो. आपल्याकडे आधी गळती थांबवावी, जुना रंग पूर्ण खरवडावा, सिमेंटऐवजी चुन्याचाच गिलावा करावा आणि काम दिवाळीनंतर सुरू करावे. रंग खनिज सिलिकेटचे, म्हणजे गिलाव्याशी एकजीव होणारे आणि ओल बाहेर जाऊ देणारे, घ्यावेत. जर्मनीतील बव्हेरियात कैम या संशोधकाने १८७८ मध्ये त्यांचे पेटंट घेतले होते. रस्त्यावरचे पाणी उडते तो खालचा दोन फुटांचा पट्टा कोरा ठेवावा. माझा आग्रह असा, की नैऋत्येच्या पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर आधी हातभर तुकडा रंगवून एक पावसाळा जाऊ द्यावा.

उत्तर : इतिहासाची विद्यार्थिनी
दर्शनी भिंतीवर इतिहास रंगवणे ही खुद्द स्वित्झर्लंडमधली जुनी रीत आहे. श्वित्झ गावाच्या नगरगृहावरील, स्विसांनी ऑस्ट्रियाच्या फौजेला हरवले त्या मोर्गार्टनच्या लढाईचे चित्र १८९१ मध्ये, स्विस संघराज्याच्या सहाशेव्या वर्षानिमित्त, रंगवले गेले. शुगरक्रीकची चित्रे मागे राहिलेल्या मायभूमीची आठवण जपतात. तुमची गल्ली मात्र जागच्या जागी आहे, त्यामुळे तिथे दूरचे भव्य देखावे रंगवण्याचे कारण नाही. गणेशोत्सव आणि मूकपट अवश्य असावेत, पण एखाद्या कोपऱ्यात. मोठी जागा त्या त्या दुकानाच्या कामाला द्यावी, आणि काय काढायचे हे चित्रकाराने ठरवण्याआधी गल्लीतील वृद्धांना विचारावे. मामांच्या दुकानात पूर्वी मसाला कुटण्याचा डंख होता का? त्यावर मिरच्या कुटल्या जात असतील, तर तेच चित्र त्या भिंतीचे आहे.

उत्तर : दुकानदार, दादर
दुकाने पागडीची असतील तर घरमालकाची लेखी संमती घ्या, आणि इमारत वारसा यादीत आहे का हे महापालिकेत तपासा. चित्राखाली मराठी पाटी झाकली जाऊ देऊ नका.

गिरगावची रहिवासी
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. डंख होता, मामांनी त्याची जागा आजच दाखवली, आणि तिथल्या फरशीवर त्याच्या पायांच्या खुणा अजून आहेत. हातभर तुकडा आम्ही त्याच बाजूच्या भिंतीवर रंगवू.