शब्दचर्चा: कथेतलं 'सांगणं' आणि 'दाखवणं'

एक प्रश्न आलाय की कथेत 'सांगू नका, दाखवा' म्हणतात त्यातलं दाखवणं म्हणजे नक्की काय, वर्णन का? तर नाही, आणि इथेच खूप जणांची गल्लत होते. खोलीत काय काय होतं, आभाळ कसं भरून आलं होतं हे पानभर लिहिलं तरी ते नुसतं सांगणंच असू शकतं. दाखवणं म्हणजे वाचकाला खुणा द्यायच्या आणि अर्थ त्याचा त्याला लावू द्यायचा.

'सुधाला वडिलांचा फार धाक होता.' हे सांगणं झालं. आता हे बघा: 'बाहेर चपला वाजल्या तशी सुधाने रेडिओ बंद केला, त्याच्यावरचं कापड होतं तसं नीट घातलं आणि पुस्तक उघडून बसली.' यात धाक हा शब्द कुठेच नाही, पण सगळं काम त्या कापडाने केलंय, कारण रेडिओ बंद करणं वेगळं आणि तो लावलाच नव्हता असं भासवणं वेगळं, म्हणजे या घरात रेडिओ ऐकायचीही चोरी आहे हे वाचकाला आपलं आपणच कळतं.

ही कल्पना आपल्याला अजिबात परकी नाही बरं का. नवव्या शतकात आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने मांडलं की रस, म्हणजे करुण, शृंगार असा वाचकाला येणारा भावाचा अनुभव, नाव घेऊन सांगता येत नाही, तो विभाव-अनुभावांतून, म्हणजे भाव जागवणाऱ्या कारणांतून आणि तो बाहेर दिसणाऱ्या खुणांतून, सूचित व्हावा लागतो. पुढे अकराव्या शतकात मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने रसाचं किंवा भावाचं सरळ नाव घेणं रसदोषांतच घातलं, त्यालाच स्वशब्दवाच्यत्व म्हणतात. मला तर हा शब्द फार नेमका वाटतो, कथालेखनाच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवावा असा.

पण मग 'तिचे डोळे पाणावले', 'त्याने मुठी आवळल्या', 'घशाला कोरड पडली' याचं काय? माझं स्पष्ट मत आहे की हे दाखवणं नाहीच, ही दुःखाची नि रागाची तयार लेबलं आहेत, कुठल्याही पात्राला चिकटवा, चिकटतात. ते कापड मात्र सुधाचंच आहे.

आणि सांगणं वाईट असतं असंही नाही हां. 'पुढची तीन वर्षं तिने त्या घरात पाऊल टाकलं नाही' हे एका ओळीत सांगूनच टाकायचं, तिथे प्रसंग रचत बसलात तर कथा जागची हलणार नाही. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये हेच ठासून मांडलं होतं की लेखकाचा आवाज कथेतून पूर्ण काढताच येत नाही, काय दाखवायचं हे निवडण्यातही तो असतोच.

खरी अडचण होते ती दोन्ही एकदम केल्यावर. कापड नीट घातलं, पुस्तक उघडलं, आणि लगेच पुढचं वाक्य 'ती फार घाबरली होती'. हे शेवटचं वाक्य बिनधास्त खोडा.