मदत हवी आहे: हिपॅटायटिस सीच्या जेनेरिक गोळ्या परदेशात आणण्याबद्दल

निळी_शाई

नमस्कार मंडळी. नवऱ्यासाठी विचारतेय. कुठल्या देशात आहोत ते सांगत नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे, समजून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी नेहमीच्या रक्ततपासणीत त्याचं एसजीपीटी (लिव्हरला सूज असली की वाढतं ते) वाढलेलं निघालं. मग हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी पॉझिटिव्ह, मग आरएनएसुद्धा, म्हणजे विषाणू रक्तात अजून आहे. जीनोटाइप (विषाणूचा उपप्रकार) ३. फायब्रोस्कॅन ६.४ आला, म्हणजे लिव्हर अजून मऊ आहे, सिरॉसिस नाही. कॉलेजात असताना, १९९१ साली, अपघातानंतर त्याला रक्त चढवलं होतं, तेवढं एकच कारण डोळ्यांसमोर येतं. इतकी वर्षं हा विषाणू अंगात मुकाट बसून होता. साधी कावीळसुद्धा कधी झाली नाही. माझी तपासणी निगेटिव्ह आली.

डॉक्टर म्हणाले, बारा आठवडे गोळ्या घ्या, बहुतेक कायमचे बरे व्हाल. आम्ही हसतच बाहेर आलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. नवऱ्याने आकडा कागदावर उतरवून घेतला, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि पाकिटात ठेवला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. विमा कंपनी म्हणते, आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे. सरकारी योजनेत आम्ही बसत नाही.

याच गोळ्या भारतात फार स्वस्त मिळतात असं कळलंय. भावाने कुरिअरने पाठवल्या तर चालतं का? की तो येतोच आहे तर त्याच्याबरोबर मागवू? एक वेबसाइट ‘चिठ्ठी नको, घरपोच’ म्हणून हार्वोनीचं जेनेरिक देतेय, आज पैसे भरले तर सूटही आहे. आणि भाव इतका उतरतो तो कसा काय? मालात खोट तर नसेल ना?

औषधांची_पेटी

ताई, आधी त्या वेबसाइटवरून हात काढा. पैसे भरू नका. सूट आजच आहे म्हणतात तिथेच पाणी मुरतंय.

माझा औषधांचा धंदा आहे म्हणून सांगतो, तुमच्या केसमध्ये माल अस्सल असला तरी चुकीचा ठरेल. हार्वोनी म्हणजे सोफोसबुविर अधिक लेडिपासविर. जीनोटाइप १ वर ते उत्तम चालतं, पण ३ वर लेडिपासविर लंगडं पडतं. जीनोटाइप ३ ला सहसा सोफोसबुविर-व्हेल्पाटासविर (४००/१०० मिलिग्रॅम) किंवा सोफोसबुविर-डॅक्लाटासविर देतात. चिठ्ठी न मागणाऱ्याने तुमचा जीनोटाइप तरी विचारला का?

खोट असण्याबद्दल. सोफोसबुविरला अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर २०१३ मध्ये. गिलियड कंपनीने बारा आठवड्यांच्या कोर्सचा तिथला भाव ठेवला ८४,००० डॉलर. गोळ्या ८४. करा हिशोब. तो भाव गोळी बनवायच्या खर्चावरून काढलेला नव्हता, पेटंट हातात होतं म्हणून लावलेला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच कंपनीने भारतातल्या सात औषध कंपन्यांना परवाने दिले, पुढे त्यांत भर पडली. हेपसिनॅट, मायहेप ही नावं तुम्ही वाचली असतील, ती या परवान्यातली. म्हणजे हा चोरीचा माल नाही, मूळ कंपनीच्या संमतीने बनलेला आहे.

फक्त परवान्याला देशांची यादी जोडलेली आहे, सुरुवातीला ९१ देश होते. श्रीमंत देश त्यात नाहीत. त्यामुळे तुमचा देश यादीत नसेल तर या कंपन्या तिथे माल विकू शकत नाहीत. रुग्णाने स्वतःच्या चिठ्ठीवर स्वतःपुरतं औषध आणणं हा वेगळा मुद्दा आहे. ते त्या त्या देशाच्या नियमांवर ठरतं.

परतीचा_प्रवासी

मी या सगळ्यातून गेलोय, चार वर्षं झाली. आता आरएनए नाही.

पहिली चूक मी कुरिअरची केली. डबा कस्टममध्ये तीन आठवडे पडून राहिला आणि परत गेला. बऱ्याच देशांत टपालाने येणाऱ्या औषधाला एक नियम आणि प्रवाशाच्या बॅगेतल्या औषधाला दुसरा. ऑस्ट्रेलियात चिठ्ठी असेल तर स्वतःपुरतं तीन महिन्यांचं औषध आणता येतं. टास्मानियातले ग्रेग जेफ्रीस २०१५ मध्ये याच गोळ्यांसाठी चेन्नईला गेले होते आणि नंतर त्यांनी इतर रुग्णांनाही वाट दाखवली. अमेरिकेत कागदावर मनाईच आहे, स्वतःपुरत्या थोड्या औषधाकडे अधिकारी काणाडोळा करू शकतात, पण तो तुमचा हक्क नव्हे. काही देशांत आधी परवानगी काढावी लागते. तुमच्या देशाच्या औषध नियंत्रकाला ईमेल करा आणि उत्तर छापून जवळ ठेवा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

भावाकडून मागवणं टाळा. दुसऱ्याचं औषध बॅगेत सापडलं तर तोच अडकेल. मिस्टरांनी स्वतः जावं.

मी आणलं ते असं. इथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, तीवर ब्रँड न लिहिता औषधाचं मूळ नाव, ताकद आणि ‘१२ आठवडे’ असं लिहून घेतलं. एका बाटलीत २८ गोळ्या, म्हणजे तीन बाटल्या. सीलबंद, खोक्यासकट, हातातल्या बॅगेत. माझ्या शेजारच्या रांगेतल्या एकाने गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून आणल्या होत्या, त्याला बाजूला घेतलं. माझ्या बाबतीत अधिकाऱ्याने बाटली वाचली, चिठ्ठी वाचली, पासपोर्टवरचं नाव बघितलं, झालं.

शिवाय भारतात २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे, सरकारी उपचार केंद्रांत या गोळ्या मोफत देतात. पण त्यांचा उपचार तिथे राहून करायचा असतो. तीन महिने रजा मिळत असेल तर जरूर विचारा.

निळी_शाई

दोघांचेही मनापासून आभार. वेबसाइटला नाही म्हणून कळवलं, आता दर तासाला मेसेज येतोय आणि सूट वाढतेय!

डॉक्टरांशी बोलले. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, चिठ्ठी देतो, रक्ताच्या तपासण्याही इथेच करू, व्हेल्पाटासविरवालं आणा. एक सांगायचं राहिलं. तो गेली सहा-सात वर्षं रोज रात्री पॅन्टोप्राझोल घेतो. याने काही बिघडतं का? डॉक्टरांना सांगायचं आम्ही विसरलोच. ॲसिडिटीची गोळी म्हणजे औषध, हे डोक्यातच नसतं.

औषधांची_पेटी

बिघडतं! बरं झालं विचारलंत. व्हेल्पाटासविर विरघळायला पोटात आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीने आम्ल कमी झालं की औषध रक्तात पुरेसं उतरत नाही, म्हणजे गोळ्या खाऊनही विषाणू शिल्लक राहू शकतो. शक्य असेल तर ती बारा आठवडे बंद ठेवायला सांगतात. बंद करणं जमत नसेल तर कुठली, किती आणि कधी घ्यायची ते डॉक्टरच ठरवतील. साधं पातळ अँटासिड घेतलं तरी दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन, फिटसाठी कार्बामाझेपिन, टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर तेही सांगा. अमिओडॅरोनबरोबर सोफोसबुविर घेऊन ठोके धोकादायक मंदावल्याच्या केसेस झाल्या आहेत.

आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झालीय का? एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही. सी दाबला गेला की कधी कधी आत दबून असलेला बी उसळतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने (एफडीए) २०१६ मध्ये या सगळ्या औषधांवर त्याचा ठळक इशारा छापायला लावला.

दोन_अक्षरी

मध्येच बोलते. हिपॅटायटिस बीवाल्यांनी हा धागा जसाच्या तसा स्वतःला लावू नये. आमची टेनोफोविर किंवा एन्टेकाविर वर्षानुवर्षं चालते, तीन महिन्यांची आणून भागत नाही, आणि साठा संपला म्हणून मध्येच थांबवली तर लिव्हर भडकू शकतं. पण बऱ्याच देशांत या दोन्हींची जेनेरिक आता स्थानिक दुकानातच मिळतात. मी दोन वर्षं उगाच महागडा ब्रँड घेत होते, कारण फार्मासिस्टला विचारलंच नव्हतं.

निळी_शाई

बीच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. पॅन्टोप्राझोल परवापासून बंद. पहिल्या रात्री छातीत जळजळ झाली, उशा उंच करून झोपला. औषध नियंत्रकाचं उत्तर आलं: स्वतःबरोबर, तीन महिन्यांपर्यंत, चिठ्ठीसकट चालेल, टपालाने नाही. तो पुढच्या महिन्यात दहा दिवसांसाठी जातोय, कोर्स इथे आल्यावर सुरू करणार.

शेवटचं. भाऊ आधीच दुकानात सांगून ठेवतोय. बिल त्याच्या नावाने केलं तर चालेल का?

परतीचा_प्रवासी

नाही. मिस्टरांच्याच नावाने, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. आणि पक्कं बिल घ्या. बिलावरचा बॅच नंबर तिन्ही बाटल्यांवरच्या नंबराशी जुळतो का, ते दुकानातच उभं राहून बघायला सांगा. पहिली बाटली उघडली की गोळीचा रंग, आकार, वरची अक्षरं आतल्या कागदावरच्या वर्णनाशी ताडून बघा. जपानच्या नारामध्ये २०१७ च्या जानेवारीत हार्वोनीच्या बाटल्यांमध्ये भलत्याच गोळ्या निघाल्या होत्या, तेही एका रुग्णाच्याच लक्षात आलं होतं.

कोर्स संपल्यावर लगेच पेढे वाटू नका. त्यानंतर बारा आठवड्यांनी आरएनए करायचा, तो निगेटिव्ह आला की बरे झाले म्हणायचं. तेव्हा इथे येऊन कळवा.