बी.ऑप्टोम. (डोळे तपासणीची पदवी) झाल्यावर पहिलं वर्ष: हॉस्पिटल की चष्म्याचं दुकान?

ऐरोलीकर
चार वर्षं संपली, शेवटचं इंटर्नशिपचं धरून. आता दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. वाशीला डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये वर्षभराचं ट्रेनिंग, किंवा ठाण्यात गोखले रोडला चष्म्याचं दुकान. हॉस्पिटलचा पगार दुकानाच्या निम्मा. तरी मला वाटतं, नव्या माणसाने पहिलं वर्ष हॉस्पिटलातच काढावं. माझी रेटिनोस्कोपी (डोळ्यात उजेड टाकून, परत येणाऱ्या चमकेवरून, म्हणजे रिफ्लेक्सवरून, नंबर काढणं) बहुतेक वर्गातल्या मैत्रिणींच्या निरोगी डोळ्यांवर झाली. मोतीबिंदूमागचा अंधुक रिफ्लेक्स, एका जागी न बसणारं चार वर्षांचं मूल, हे अजून हाताखालून गेलेलं नाही. बाबा विचारतात, कर्जाचा हप्ता कोण भरणार?

नौपाडा
बाबांचं बरोबर आहे. इंटर्नशिप झाली म्हणजे शिकणं झालं, पुढचं काम पूर्ण पगारावरच करावं. बारा वर्षं दुकानात आहे म्हणून सांगतो, हॉस्पिटलमध्ये नंबरचा कागद हातात दिला की पेशंट निघून जातो. त्या नंबरचा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा, लावून जिना उतरताना पायरी हलते, हे सांगायला तो माझ्याकडे येतो. मग फ्रेम नाकावर कुठे बसली, उंची किती घेतली, दोन बाहुल्यांमधलं अंतर चुकलं का, हे सगळं बघावं लागतं. ते शिक्षण ओपीडीत मिळत नाही.

खारेगाव
जिन्याचं पटलं. पण दुकानातून उणे दीडचा चष्मा लागलेला सात वर्षांचा मुलगा आमच्या ओपीडीत आला होता. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे नंबर काढणाऱ्या मशीनचा, आकडा तसाच उतरवलेला. मशीनमध्ये बघताना मूल जवळचं बघावं तसा डोळा ताणतं, मग उणे नंबर जास्त दिसतो. हा ताण सैल करणारे थेंब टाकून रेटिनोस्कोपी केली तर अधिक एक! पोर उगाच उणे काचा लावून शाळेत जात होतं. आणि बायोमेट्री, म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजणं? ए-स्कॅनचा (त्या मोजणीच्या अल्ट्रासाउंडचा) प्रोब किंचित दाबला गेला तर डोळा आखूड मोजला जातो. एक मिलिमीटर चुकला की भिंगाच्या नंबरात अडीच-तीन डायॉप्टरचा फरक. ते भिंग डोळ्यात बसतं, चष्म्यासारखं बदलून देता येत नाही. हा धाक नव्या हाताला लागायलाच हवा.

सीवूड्स
मी असं वर्ष काढलंय, नाव सांगत नाही. सकाळपासून थेंब टाकायचे, बाहुली मोठी झाली का बघायचं, नावं पुकारायची. "हनुवटी टेकवा, कपाळ लावा." ॲप्लनेशनने डोळ्याचा दाब मोजायचे तेव्हा माझं रीडिंग एकदाही कोणी पुन्हा घेऊन बघितलं नाही. १६ लिहिलं, खरंच १६ होतं का, मला आजही माहीत नाही. काचबिंदूच्या पेशंटचं. याला ट्रेनिंग म्हणू नका.

नौपाडा
हेच म्हणतोय मी. स्वस्तात माणूस मिळतो, नाव ट्रेनिंगचं.

खारेगाव
सगळीकडे तसं नाही हो, दादा. आमच्याकडे पहिले तीन महिने ज्युनियरनंतर सीनियर स्वतः रेटिनोस्कोपी करतो. अर्ध्या डायॉप्टरहून जास्त फरक आला तर तिथेच, पेशंट खुर्चीत असताना, पुन्हा बघायला लावतो. मला असंच एका कॉलेजच्या मुलाच्या डोळ्यात कात्रीसारखा उघडमीट करणारा रिफ्लेक्स दाखवला होता. केराटोकोनस, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येतो तो आजार. एकट्याने बघितला असता तर चष्म्याचा सिलिंडर नंबर वाढवत बसलो असतो. ऐरोलीकर, पगाराच्या आधी हे विचार: माझं काम कोण तपासणार?

ऐरोलीकर
विचारलं आजच फोन करून. बायोमेट्री दोन महिने सीनियरसमोर, मुलांची ओपीडी गुरुवारी. स्लिट लॅम्पचं (डोळा मोठा करून बघायच्या यंत्राचं) मात्र "वेळ असेल तसं" म्हणाले, ते मला आवडलं नाही. गुरुवारी दिवसभर नुसती बसून बघते, मग सांगेन. नौपाडा दादा, शनिवारी तुमच्याकडे प्रोग्रेसिव्हचं फिटिंग बघायला आले तर चालेल?

नौपाडा
ये की. दुपारी ये, संध्याकाळी गर्दीत बोलता येणार नाही.