घर माझ्या पगारावर चालतं आणि नोकरी नकोशी झालीय. दुसरी हातात नसताना सोडावी का?

चाकणकर
वय 43. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, 11 वर्षं झाली. घर मोशीला. हातात 68,000 येतात, बेसिक 30,000. घराचा हप्ता 27,700, अजून बरीच वर्षं जायचाय. बायको एका दातांच्या दवाखान्यात अर्धवेळ रिसेप्शनला असते, तिचे 14,000. मुलगी नववीत. आई 71 वर्षांची, शुगर-बीपी दोन्ही. एफडी 2 लाख 75 हजार. संपली यादी.

नवीन प्लांट हेड आल्यापासून सगळं बिघडलं. कस्टमरकडे एक पीस खराब गेला तरी सकाळच्या मीटिंगमध्ये, ऑपरेटरांच्या समोर, आईवरून शिव्या. मध्यंतरी एका रविवारी कस्टमरच्या प्लांटला सॉर्टिंगला उभा होतो. बिनमधला एकेक पीस उचलायचा, गो-नोगो गेज लावायचा, ठीक असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल बिनमध्ये. खरं तर हे ट्रेनी पोरांचं काम, पण ट्रेनी सगळे पळाले आणि नवीन भरत नाहीत. चार वाजता साहेबांचा फोन, "किती झाले?" एवढंच. ठेवून दिला.

घरी माझी चिडचिड चालू असते. मी आलो की मुलगी वह्या उचलून आतल्या खोलीत जाते.

बायको म्हणते सोड. आईला काहीच माहीत नाही. मित्र म्हणतात, डोकं फिरलंय का? तुम्ही काय म्हणाल? धीर देऊ नका, हिशेब सांगा.

रोखठोक
सोडू नका. आधी ऑफर लेटर, मग राजीनामा, यात मला दुसरी बाजूच दिसत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेला माणूस इंटरव्ह्यूला गेला की पहिला प्रश्न "का सोडली?" आणि दुसरा "किती दिवस झाले?" त्यानंतर पगाराचं बोलणं तुमच्या हातात राहत नाही. समोरच्याला कळतं की याचा हप्ता थकतोय.

शिव्या वाईटच. पण साहेब लोक बदलतात. प्लांट हेड दोन-तीन वर्षांवर टिकत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असणार.

आता_मोकळा
"आधी ऑफर लेटर" हे ऐकायला फार छान. चाकणचा माणूस शोधणार कधी? सकाळी सातची बस, संध्याकाळी तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तास, घरी यायला साडेआठ, त्यावर कस्टमरचे फोन. इंटरव्ह्यूला सुट्टी मागायची तर कारण काय सांगायचं? एकच आजी किती वेळा मारायची?

आणि नोटीस पिरियडचं कुणी बोलतच नाही. 90 दिवस असेल तर मधल्या आकाराच्या कंपन्या थांबत नाहीत. त्यांना माणूस महिन्याभरात हवा असतो. मी वाळूजला होतो, दोन ठिकाणी सगळं जुळलं आणि "90 दिवस" म्हटल्यावर फोन येणं बंद झालं. शेवटी राजीनामा टाकला. नोटीस सुरू झाली की तुम्ही "लगेच येऊ शकणारे" ठरता, आणि त्या तीन महिन्यांचा पगारही चालू असतो. म्हणजे राजीनामा देणं आणि पगार बंद होणं यात तीन महिन्यांचं अंतर आहे. रोखठोक दोन्ही एकच धरून बोलतायत.

रोखठोक
आणि तीन महिन्यांत काही जुळलं नाही तर? राजीनामा मागे घेऊ द्यायचा की नाही ते त्याच प्लांट हेडच्या हातात. शिवाय काही कंपन्या राजीनामा दिल्या दिवशीच आयडी कार्ड जमा करून घेतात आणि नोटीसच्या पैशांवरून घोळ घालतात. तुमचं जमलं, आनंद आहे. पण ज्यांचं नाही जमलं ते इथे लिहायला येत नाहीत.

पिंपळपान
गावी जमीन आहे का? आपल्याकडे म्हणतातच, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी. कांदा लावा, स्वतःचे मालक व्हा.

इंदूताई_निफाड
पिंपळपान, तुम्ही कधी लावलाय का कांदा? 2023 च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावला भाव कसे कोसळले ते आम्ही ट्रॅक्टरवर बसून पाहिलंय. आमच्याकडची पोरं चाकणला नोकरी मिळावी म्हणून वशिला शोधतात, आणि तुम्ही चाकणच्या माणसाला इकडे पाठवताय.

हिशेबनीस
हिशेब मागितलाय म्हणून लिहितो. सोडा किंवा राहा, हे आधी कागदावर मांडा.

ग्रॅच्युइटी: 11 वर्षं, बेसिक 30,000. (डीए, म्हणजे महागाई भत्ता, वेगळा असेल तर तो धरा.) 30,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 11, म्हणजे निदान 1 लाख 90 हजार. करमुक्त. राजीनामा दिला तरी मिळते, ती साहेबांच्या मर्जीवर नसते.

पीएफला हात लावू नका. नव्या नोकरीत ट्रान्सफर करा. पीएफच्या पेन्शन योजनेत 10 वर्षं पूर्ण झाली असतील तर वयाच्या 58 नंतर पेन्शनचा हक्क तयार झालाय, रक्कम छोटी असेल, पण मिळेल.

आता खरी मेख. पगाराची चिंता सगळे करतात, पण कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. आई त्यात आहेत का? असतील तर राजीनाम्याच्या आधी त्यांची सोय करा. नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि झालेला काळ मोजून घेता येतो, पण अर्ज विमा चालू असतानाच करायचा. त्यातही कंपनी तपासण्या मागेल, हप्ता जड असेल. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

पीएफसोबतचा 7 लाखांपर्यंतचा विमाही नोकरीबरोबर जातो. स्वतःचा टर्म इन्शुरन्स नसेल तर पगारपत्रक हातात आहे तोवर काढा.

हप्ता: तुमचे 27,700 आणि घरखर्च, फी, औषधं धरून महिना 60,000 तरी लागत असतील. वहिनींचे 14,000 वजा केले तर 46,000 ची तूट. एफडी आणि ग्रॅच्युइटी मिळून 4 लाख 65 हजार, म्हणजे दहा महिने. पण आईंना एकदा ॲडमिट केलं की दहाचे सहा होतात. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की कर्जखातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, आणि मग बँकेचा सूर बदलतो. वेळ आलीच तर थकण्याआधी शाखेत जाऊन बोला.

अनामिका_ठाणे
हिशेब उत्तम. पण त्यात एक ओळ कुणीच लिहिली नाही. मुलगी वह्या उचलून आत जाते, ते कुठल्या रकान्यात धरणार?

माझ्या नवऱ्यानेही सहन केलं. घरासाठी. त्याच्या "घरासाठी"चा धसका आम्हाला बसला होता. गेटचा आवाज आला की टीव्ही बंद. पगार वेळेवर यायचा, हप्ता कधी चुकला नाही, आणि घरात कुणी मोठ्याने हसायचं नाही. नोकरी सोडल्यावर दीड वर्ष ओढाताण झाली, माझे दागिने मोडले, तरी मी म्हणेन ते स्वस्तात पडलं. चाकणकर दादा, बायको "सोड" म्हणतेय ना, तिने हा हिशेब तुमच्या आधी केलाय.

वर्षा_कोथरूड
अनामिकाताई, तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि हे अनुभवाने बोलतेय. माझ्या नवऱ्याने "मनाच्या शांतीसाठी" नोकरी सोडली. मीही सोड म्हटलं होतं, कारण रात्री दोन वाजता दुसरं काय म्हणणार? नंतर घर माझ्या पगारावर चाललं, आणि माझी नोकरी काही कमी त्रासाची नव्हती. मला मात्र ती सोडायची मुभा उरली नाही. तो शांत झाला, मी चिडचिडी झाले. मुलं आता माझ्यापासून आतल्या खोलीत जातात, एवढाच फरक.

त्यामुळे बायको "सोड" म्हणते याला संमती धरू नका. चाकणकर, वहिनींचे 14,000 आहेत. त्या पूर्णवेळ करणार आहेत का? तसं त्या म्हणाल्यात, की तुम्ही धरून चाललाय? एका रविवारी आकडे समोर ठेवून विचारा. रडारडीच्या रात्री नको.

अनामिका_ठाणे
वर्षा, पटलं नाही तरी कळलं. पण तुझा राग नोकरी सोडण्यावर आहे की सोडून परत न शोधण्यावर?

वर्षा_कोथरूड
दोन्हीवर. सोडलेल्या माणसाला शोधायची घाई नसते, कारण पहिले सहा महिने त्याला खरंच बरं वाटत असतं.

चाकणकर
सगळ्यांचे आभार. आई कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

एक गोष्ट लिहायची राहिली, किंवा टाळली म्हणा. माल निघताना पीडीआय रिपोर्ट (पाठवण्याआधीच्या तपासणीचा) जातो, त्यात पाच पीसची मापं लिहायची असतात. गाडी गेटवर उभी, पीस केव्हाच पॅकिंगमध्ये गेलेले, वरून फोन, "रिपोर्ट कुठाय?" मग टेबलावर बसून मागचा रिपोर्ट समोर ठेवून मापं भरायची. 12.03, 12.02, 12.04. पाचही सारखी लिहायची नाहीत, संशय येतो. खाली सही माझी. पार्ट ब्रेकच्या असेंब्लीत जातो. शिव्यांची सवय होईल एक वेळ, याची होत नाही.

सातपूरचा
दादा, रीडिंग भरणं कुठे नाही? नाशिकला या, दाखवतो. प्रोसेस स्थिर असेल तर माप तेच येतं. एवढं मनाला लावून घेऊ नका.

रोखठोक
सातपूरचा, सगळीकडे चालतं म्हणून सही करणारा सुटत नाही. गाडी ठोकली आणि चौकशी लागली तर रिपोर्ट काढतात, आणि रिपोर्टवर प्लांट हेडचं नाव नसतं.

चाकणकर, नोकरी सोडू नका हे माझं मत कायम आहे. पण उद्यापासून न मोजलेल्या मालावर सही बंद. साहेबांना मेल टाका, चार ओळी, भाषा गोड: अमुक लॉटची तपासणी वेळेअभावी झालेली नाही, तपासणीसाठी माणूस द्यावा, त्याशिवाय रिपोर्टवर सही करता येणार नाही. फोनवर "बघून घे" म्हणाले तर तेही मेलने कळवा, "आपल्या फोनवरील सूचनेनुसार" लिहून. अशा मेलला उत्तर येत नाही, पण शिव्यांचा आवाज कमी होतो.

आता_मोकळा
आणि मेल टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी यांना स्टोअरला बसवतील.

रोखठोक
बसवू देत. पगार तोच येतो आणि पाच वाजता सुटतात. तुम्हीच म्हणत होतात ना, शोधायला वेळ नाही?

आता_मोकळा
टोपी उडवली आपण. पण अपमान करून बसवलेल्या खुर्चीवर माणूस नोकऱ्या शोधत नाही, भिंतीकडे बघत बसतो. मी बसलोय.

हिशेबनीस
एक सावधगिरी. मेल पाठवा, पण कंपनीचे रिपोर्ट, ड्रॉइंग स्वतःच्या जीमेलवर ढकलू नका. पुरावा म्हणून जपायला जाल आणि गोपनीय कागद चोरले म्हणून तुम्हालाच धरतील. आणि निघायचं ठरलं तर सहा महिने प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही वगैरे कलमांना घाबरू नका. नोकरी सोडल्यानंतर अशी बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम 27 खाली सहसा टिकत नाही. नोटीसचे दिवस किंवा त्याचे पैसे मात्र मागू शकतात, नेमणूकपत्र काढून वाचा. अकरा वर्षांत एकदाही वाचलं नसेल.

चाकणकर
वाचलं. नोटीस 60 दिवस आहे, मी इतकी वर्षं 90 समजत होतो.

काल बायकोशी बोललो, आकडे घेऊन. ती पूर्णवेळ करायला तयार आहे, पण दवाखान्यात पूर्णवेळची जागा नाही, तिलाही शोधावं लागेल. तिने "सोड"चं "मुलीच्या दहावीनंतर सोड" केलं. आईच्या पॉलिसीसाठी एचआरकडून विमा कंपनीचा नंबर घेतलाय. मेल लिहून ठेवली आहे, सोमवारी पाठवणार. राजीनामा सध्या नाही. सही मात्र बंद. त्याने काय होईल ते होईल.

आता_मोकळा
दादा, दहावी झाली की अकरावीची ॲडमिशन येते, मग बारावी, मग इंजिनिअरिंगची फी. "हिच्या दहावीनंतर" म्हणणारी माणसं त्याच कंपनीतून रिटायर होताना पाहिलीत मी. निदान एक तारीख भिंतीवर लिहा.

रोखठोक
लिहा की. आणि त्या तारखेपासून पुढचे हप्ते आता_मोकळा भरतील, असंही खाली लिहून त्यांची सही घ्या.

वर्षा_कोथरूड
तारीख लिहाच, पण दोघांनी मिळून लिहा. आणि ती पाळायची नसेल तर ते वहिनींना आधी सांगा, इथे नंतर.